पाळण्यावरचे मासे

मिल क्रीकच्या तलावाचं पाणी पहिल्यांदा हातभर उतरलं, तेव्हा लॉनी स्प्रॅगिन्सने सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. म्हणाला, "काल संध्याकाळी मी एक क्रॅपी मासा काढला. तो बसला होता तेवढी जागा रिकामी झाली. पाणी खाली बसणार नाही तर काय करेल बिचारं?" ऐकणाऱ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. टेनेसीच्या आमच्या या कोपऱ्यात माशाच्या गोष्टीवर कोणी शंका घेत नाही. आपली पाळी आली की त्याहून मोठा मासा सांगायचा, एवढाच काय तो शिष्टाचार.

खरं कारण साधंच होतं. पाणउंदरांनी बांध आतून पोखरला होता, आणि तो दुरुस्त करायचा तर तलाव रिकामा करणं भाग होतं. कापसाची वेचणी उरकल्यावर मोरी उघडली. पाणी थोडंथोडं जाऊ लागलं, आणि त्याबरोबर गावातल्या पुरुषांची झोपही.

त्याचं असं आहे की क्रॅपी हा मासा उघड्या पाण्यात थांबत नाही. तळहाताएवढा जीव, रुपेरी अंगावर काळे शिंतोडे, आणि तोंड इतकं पातळ की जरा झटका दिला तर ओठ फाडून निसटतो. म्हणून आम्ही त्याला कागदतोंड्या म्हणतो. त्याला आडोसा लागतो. मग नाताळ संपला की घरात सजवलेली ती वाळलेली झाडं उचलायची, बुंध्याला दगड बांधायचे आणि कोणी पाहत नाही असं बघून तलावात सोडायची. वसंतात त्या फांद्यांत मासे जमतात. जागेची खूण काठावरून धरायची: देवळाचा कळस टलच्या धान्यकोठीच्या डोक्यावर आला की थांबायचं, अशी काहीतरी. ही खूण बायकोला सांगायची नाही, पाद्र्याला सांगायची नाही. मुलाला सांगायची ती मरणाच्या दारात, आणि तेसुद्धा डॉक्टरने नक्की म्हटल्यावर. म्हातारा टल घाई करून सांगून बसला आणि खडखडीत बरा झाला. उरलेलं आयुष्य तो मुलाशी धड बोलला नाही.

आणि आता पाणी उतरत होतं, आणि सगळ्यांची पापं उघडी पडत होती. काठावर खुर्च्या टाकून माणसं दुपारभर बसू लागली. बायका भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा घेऊन येत. देवळातलं जे बाक चोरीला गेलं म्हणून एके काळी पोलीस बोलावले होते, ते देवळाचा कारभार बघणाऱ्या डीकन ऑटिसच्या जागेवर निघालं. लॉनीने आयुष्यभर "तलावाच्या पार टोकाला, जिथे देव एकटा फिरतो" असं जिचं वर्णन केलं होतं ती जागा त्याच्याच परसाच्या पायरीसमोर निघाली. लोक हसून हसून रडले.

हर्शेल टॅकेट मात्र हसत नव्हता, आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, कारण हर्शेल हसत नाही असं कधी झालंच नव्हतं. अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखा थापाड्या नव्हता. त्याच्या थापा ऐकायला लोक गाडी थांबवत. पण आता तो काठावर उभा राहून जुन्या ओढ्याच्या पात्राकडे बघायचा, तिथे पाणी अजून काळं होतं. त्या काळ्या पाण्याखाली त्याची जागा होती. सगळ्या तलावातली सर्वांत चांगली. आणि तिच्या तळाशी झाड नव्हतं, फांद्या नव्हत्या. पाळणा होता.

तो त्याने स्वतः केला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, सायप्रसच्या लाकडाचा, कारण तो तेव्हा होड्या बांधायचा आणि तेच लाकूड त्याच्याकडे होतं. डोक्याकडच्या फळीवर त्याने ससा कोरला. सशाचा एक कान लांब झाला, दुसरा आखूड. त्याची बायको ओनेटा म्हणाली, "असू दे, त्याला एका कानाने जास्त ऐकू येतं." त्या पाळण्यात त्यांची लेक लेटा एक हिवाळा झोपली. पुढचा हिवाळा तिला लाभला नाही.

त्यानंतर ओनेटा रिकामा पाळणा झोके देत बसायची. जेवण नाही, बोलणं नाही. पाळण्याखालच्या वाकड्या लाकडांचा फरशीवर होणारा आवाज तेवढा. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाळणा घरातून हलवा, नाहीतर ही बाई हातची जाईल. ओनेटानेही होकाराची मान डोलावली. एवढंच म्हणाली, "ज्यांच्याकडे नाही अशा कोणाला तरी दे. त्यात पोर झोपू दे."

हर्शेल खरंच द्यायला निघाला होता. देवळाच्या दारापर्यंत गेला. आणि तिथे त्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचं पोर त्या सशाखाली झोपलेलं आलं, आणि त्याला ते सोसलं नाही. फोडून जाळायचं म्हटलं, तर कुऱ्हाड उचलेना. मग त्याने पाळणा होडीत घातला, त्यात दगड भरले आणि जुन्या ओढ्याच्या पात्रावर नेऊन सोडला. ते लाकूड पाण्यात कुजत नाही हे होडीवाल्याला ठाऊक होतं. तेव्हा त्याला तेच हवं होतं.

घरी आला तेव्हा विजार भिजलेली. ओनेटाने भिंतीकडे बघत विचारलं, "कोणाला दिलास?"

थापाड्याची जीभच ती, मालकाच्या आधी धावणारी. "होल्डर म्हणून आहेत," तो म्हणाला. "मोठ्या नदीच्या पलीकडचे, पार अर्कान्सातले. मुलगी झालीय त्यांना. रूबी नेल."

ओनेटाची मान वळली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "झोपते का ती त्यात?"

"झोपते म्हणजे? बाप म्हणतो, उठवायला कोंबडा उशाशी आणून बसवावा लागतो."

आणि ओनेटा हसली. थोडीच. पण त्या रात्री तिने सूप घेतलं.

आता सांगा, यातून माणूस मागे कसा फिरणार? होल्डर मंडळी वाढत गेली. रूबी नेलच्या पाठीवर टॉमी वेन झाला, त्याने पाळण्याची कड कुरतडली. मग एस्टा, शेंडेफळ, तिला डाव्या गालावर खळी. होल्डरची बायको मानी होती, दुसऱ्याने दिलेलं घ्यावं लागलं याची तिला लाज वाटायची, म्हणून भेटायला जायचं नाही. हर्शेलला बापच काय तो गुरांच्या बाजारात भेटायचा. ओनेटा विणायची: टोप्या, मोजे, स्वेटर. हर्शेल ते घेऊन जायचा आणि पलीकडच्या गावातल्या देवळात, गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकून यायचा. मुरांब्याच्या बरण्याही असत. तो मुरांबा मात्र तो स्वतः खायचा, होडीत बसून, बोटांनी. टाकायचा कसा? तिने केलेला होता.

होडी त्या पाळण्यावरच उभी असायची. कारण पुढच्याच वसंतात क्रॅपी त्याच्याभोवती असे जमले होते की काय सांगावं. हर्शेलने पहिल्यांदा गळ सोडला तो माशासाठी नव्हेच. सोडायला काहीतरी हवं म्हणून. पाण्यावरचं बूच हललं. घरी दोरीभर मासे आणले. ओनेटाने ते मक्याच्या पिठात घोळवून तळले आणि दोन स्वतः खाल्ले. त्यानंतर दर वसंतात तेच. त्यांना दुसरं मूल झालं नाही. होल्डरांची तीन होती, ती पुरली.

आणि आता पाणी उतरत होतं.

हर्शेलने पावसासाठी देवाला साकडं घातलं. देवाने ऊन पाडलं. मग एका पहाटे तो होडीतून गेला, दोराला लोखंडी आकडा बांधून तळ चाचपला. आकडा अडकला. त्याने ओढला, गाळाने धरून ठेवलं. पुन्हा सगळ्या अंगाने ओढला, तसा दोर तुटला आणि हर्शेल होडीत उताणा पडला. काठावर लॉनी कॉफीचा पेला घेऊन उभा.

"काय रे, खजिना बिजिना आहे की काय?"

"तुझी अक्कल शोधतोय," हर्शेल म्हणाला. "इथेच कुठेतरी पडली होती म्हणतात."

लॉनी खूश होऊन गेला. हर्शेल तुटलेला दोर गुंडाळत बसला.

शनिवारी उरलेले मासे जाळ्याने धरायचे ठरलं होतं. मोठा चुला, मोठी कढई, सगळं गाव. तोवर जुन्या ओढ्याचं पात्रही उघडं पडणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि ओनेटाने कोबीची कोशिंबीर करायचं कबूल केलं होतं. तिला घरी कसं ठेवायचं? गुरुवारी जेवताना हर्शेलच्या जिभेने पुन्हा एकदा मालकाला न विचारता दार उघडलं.

"शनिवारी घरीच राहा तू. रूबी नेल येणार आहे."

ओनेटाचा चमचा तिथेच थांबला. "आपल्याकडे?"

"मेम्फिसच्या बसने, दुपारी. इस्पितळातून सुट्टी मिळालीय म्हणे." रूबी नेल त्याने केव्हाच मेम्फिसला परिचारिका करून टाकली होती. "तुला बघायचंय तिला."

बोलून गेला, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आजवर मारलेल्या सगळ्या थापा एका बाजूला आणि ही एका बाजूला. सोमवारपर्यंत काहीतरी सांगता येईल, त्याने मनाशी म्हटलं. बस चुकली. ताप आला. पाळणा एकदा झुडपात ओढून लपवला की मग बघू.

ओनेटा उठली, आरशापुढे गेली, केस मागे घेतले, परत आली. "नारळाचा केक खाईल का रे ती? हल्लीच्या मुली गोड खात नाहीत."

"खाईल," हर्शेल म्हणाला.

शनिवारी तो उजाडताच निघाला. ओनेटा निळा झगा घालून पुढच्या ओसरीत बसली होती. एवढ्या सकाळी. बस दुपारची.

तलाव म्हणजे आता मधोमध एक डबकं आणि चहूकडे चिखल. आणि ओढ्याच्या पात्रात, गाळातून वर आलेली फळीची कड. हर्शेल चिखलात शिरला. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. पाळण्यापाशी पोचेतो काठावर माणसं जमू लागली होती.

"हर्शेलची जागा निघाली रे!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे धावले.

"कोंबड्यांचं खुराडं बुडवलंस होय?" डीकन ऑटिस.

"तुझ्या बाकापेक्षा बरं!" लॉनी. "थांब हर्शेल, एकट्याने नाही निघायचं. दोर आणतो."

"राहू द्या!" हर्शेल ओरडला. "असू दे तिथेच! लॉनी, अरे ऐक!"

पण मासेमाराने आपली जागा लपवावी हे तर ठरलेलंच, कोण ऐकतो? तो जितका ओरडला तितकं त्यांना हसू आलं. चार जणांनी दोर आवळला, दुसरं टोक लॉनीच्या ट्रकला बांधलं. चिखलाने मोठा उसासा टाकला आणि पाळणा सुटला. घसरत, दगड सांडत, काठावरच्या गवतात येऊन आडवा झाला. आत गाळ आणि गाळात पाच-सहा क्रॅपी तडफडत होते. पाळण्याच्या गजांना तंगूस दोऱ्याचे गुंते लोंबत होते आणि त्यांत गळच गळ, गंजलेले, हर्शेलने इतक्या वर्षांत अडकून गमावलेले.

"अरे हा तर पाळणा आहे," लॉनी म्हणाला. "काय डोकं आहे लेका! मासे झोपवून मग पकडतोस होय?" हास्याचा फवारा उडाला.

हर्शेल अजून मांडीभर चिखलातच होता. तिथून त्याला रस्त्यावरून येणारा निळा झगा सगळ्यांच्या आधी दिसला.

ओनेटाच्या हातात केक होता, फडक्याने झाकलेला. ती भराभर येत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती. तिचा आवाज उंच आणि आनंदी होता. "इथे एक मुलगी आलीय का हो? मेम्फिसची? लवकरच्या बसने आली असेल, घर सापडलं नसेल. सगळं गाव इथे, म्हणून मला वाटलं इथेच येऊन विचारेल. रूबी नेल नाव तिचं."

"ओनेटाबाई, या, या," लॉनी म्हणाला. "तुमच्या नवऱ्याची कारागिरी बघा आधी!"

तिने बघितलं ते हसतच. मग केक गवतावर ठेवला, वाकली, आणि हाताने फळीवरचा गाळ पुसला. एक कान लांब, एक आखूड.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. लोकांचं हसणं एकेक करून विझलं. लॉनीने टोपी काढली; कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं.

हर्शेल चिखलातून वर आला. ओनेटाने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याहून वाईट होतं, आशा होती.

"त्यांनी परत केला का रे?" ती म्हणाली. "पोरं मोठी झाली म्हणून परत दिला, आणि मला वाईट वाटेल म्हणून तू इथे आणून टाकलास. तसंच ना?"

हर्शेलपुढे तयार गोष्ट होती. तीच हातात आणून देत होती; त्याने नुसतं "हो" म्हणायचं होतं, पुढचं जिभेने बघितलं असतं. आयुष्यातली सर्वांत चांगली थाप, आणि ऐकणारी ती मानायला आसुसलेली. पण गजांना लोंबणारे ते गळ वाऱ्यावर हलत होते, आणि त्यांतला जुन्यात जुना लाकडात इतका रुतला होता की लाकूड त्याच्याभोवती काळं पडलं होतं. ओनेटाचं बोट त्याच्यावरच होतं. तिला दिसत होतं. उद्या नाहीतर परवा, एकटी असताना, तिला ते कळणारच होतं.

"नाही," हर्शेल म्हणाला.

"बस उशिरा येणार आहे का?"

"नाही येणार, ओनेटा."

"आज नाही येणार."

"नाहीच आहे ती. कधी नव्हती." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मला देववला नाही कोणाला. त्याच दिवशी आणून सोडला इथे."

"टॉमी वेन?"

त्याने नकाराची मान हलवली.

"आणि एस्टा?" हे तिने फार हळू विचारलं, आजारी माणसाच्या खोलीत विचारावं तसं. "एस्टा तरी?"

त्याने पुन्हा तशीच मान हलवली.

ओनेटा सरळ झाली. हाताला लागलेला गाळ निळ्या झग्यालाच पुसला. "लेटा गेली तेव्हा लोक आले होते घरी," ती म्हणाली, त्याला नव्हे, जमलेल्या सगळ्यांना. "भांडी भरभरून जेवण आणलं होतं तुम्ही. आज तीन गेलीत माझी. आज कोणी येणार नाही, नाही का? कोणाला काय म्हणून यायचं?"

ब्रदर मॅक्लेमोर, आमचे पाद्री, पुढे झाले आणि त्यांनी वाकून गवतावरच्या केकवरचं फडकं नीट केलं.

"लॉनी," ती म्हणाली, "हे ट्रकमध्ये घाल आणि मला घरी सोड."

लॉनीने पाळण्यातले मासे दोन्ही हातांनी उचलून डबक्यात सोडले. त्यांना कढईत टाकायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ट्रक गेला. केक गवतावरच राहिला, आणि हर्शेल त्याच्याशेजारी बसला, मुंग्या हाकत. दुपारची मेम्फिसची बस पुलावरून गेली तेव्हा त्याने मान वर करून बघितलं. असं का केलं ते त्याला सांगता आलं नसतं.

बांध दुरुस्त झाला. हिवाळ्याच्या पावसाने तलाव भरला. नाताळनंतर माणसांनी पुन्हा झाडं बुडवली, या वेळी नव्या जागी, आणि पुन्हा एकमेकांना फसवू लागली. हर्शेलने काही बुडवलं नाही. रस्त्यात गाड्या थांबायच्या, काच खाली व्हायची, "काय हर्शेल, ऐकव की एखादी!" तो हात हलवून पुढे जायचा. लोकांना वाटलं, बायकोने तोंड बंद केलं. तसं नव्हतं. ओनेटा स्वयंपाक करायची, त्याचे कपडे धुवायची, मीठ मागितलं तर द्यायची. पण जेवताना पूर्वी जिथे होल्डरांची खबर यायची तिथे आता घड्याळ ऐकू यायचं.

पाळणा मागच्या ओसरीत होता. तो वाळला, पण ओनेटाने त्याला हात लावला नाही. डॉगवूडची झाडं फुलांनी पांढरी झाली, म्हणजे तलावात क्रॅपी काठाला येण्याचे दिवस आले, तेव्हा एका सकाळी ती खुर्ची घेऊन पाळण्यापाशी बसली आणि पक्कडीने गळ काढू लागली. एकेक काढायचा, बरणीत टाकायचा. हर्शेल दारात उभा राहिला. तिने जा म्हटलं नाही, तेव्हा तो पायरीवर बसला.

मग तिने एक गळ पुढे धरला. "हा कधीचा?"

"दुष्काळ पडला होता त्या वर्षीचा," हर्शेल म्हणाला. "त्या दिवशी एकही मिळाला नाही. तंगूस तुटली."

"मला तर सांगितलंस की वीस काढले आणि बाजारात होल्डरला दिले."

"हो."

"पोरांना काटे काढून द्यायला सांगितलं होतं मी."

"हो, सांगितलं होतंस."

तिने तो बरणीत टाकला. मग लाकडात रुतलेल्या त्या जुन्या गळापाशी आली. तो निघेना. तिने पक्कड खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि परसाकडे बघत राहिली.

"हर्शेल."

"काय?"

"काहीतरी सांग."

त्याला कळलं ती काय मागतेय ते. त्याने तोंड उघडलं. खरोखर उघडलं, रूबी नेलचं नाव त्याच्या दातांपर्यंत आलं होतं, इस्पितळ होतं, पांढरी टोपी होती, गावाला येणारी बस होती. त्याने ओनेटाकडे बघितलं, आणि त्या नावामागे काहीच आलं नाही. रिकामा गळ वर यावा तसं.

"नाही येत गं आता," तो म्हणाला.

तेव्हा ओनेटा रडली. तलावाच्या काठी रडली नव्हती, हिवाळाभर रडली नव्हती. ती आता रडली, मोठ्याने, तोंड न झाकता, आणि हर्शेल उठून तिच्याजवळ गेला. तिने त्याला दूर लोटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तो नुसता उभा राहिला. कोणासाठी रडतेस, एकीसाठी की चौघांसाठी, हे त्याने विचारलं नाही.